एका आरपार भोकापायी अडलेली चौदा वर्षं

कोकणातल्या माणसाला ठासणीची बंदूक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, मागच्या बारीक बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला भडकतो, त्याची ठिणगी बोंडाच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. दिवाळीतली टिकली आठवा. तत्त्व तेच, फक्त टिकलीच्या मागे दारू आणि शिसं उभं आहे. शेताच्या राखणीसाठी अशा ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९च्या शस्त्र कायद्यात आजही आहे, त्यामुळे आपल्याकडे ही वस्तू अजून पूर्ण इतिहासजमा झालेली नाही.

हीच ठासणी आखूड करून तिच्या मागच्या टोकाला सहा घरांचं फिरतं चक्र लावलं, तर जे होईल ते टोपीचं रिव्हॉल्व्हर. घोडा चढवला की चक्र एक घर पुढे सरकतं आणि नवं घर नळीसमोर येतं. अमेरिकेत १८३६पासून पुढची तीसेक वर्षं रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेक वेळा हेच असायचं. पुढे पितळी काडतुसं आली आणि ही हजारो-लाखो हत्यारं एका पिढीत जुनी ठरली. त्यांचं काय करायचं? फेकायची, की काडतुसं चालतील अशी बदलून घ्यायची? या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली त्यात धातुकाम आहे, कोर्टकचेरी आहे, एका राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकारही आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण यंत्र कसं बदलतं हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवात भारताच्या वाटेवर होते. सॅम्युएल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन पोरगा १८३०मध्ये 'कोर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याच्या सफरीला निघाला. त्या सफरीत त्याने लाकूड कोरून फिरत्या चक्राचा नमुना तयार केला. जहाजाचं सुकाणू किंवा नांगर ओढायचं चरकं फिरताना आणि नेमक्या जागी अडकताना पाहून त्याला ही युक्ती सुचली असं सांगतात. १८३६मध्ये त्याने अमेरिकेत पेटंट घेतलं. पहिला कारखाना १८४२मध्ये बुडाला, दुसऱ्या खेपेला मात्र त्याचा जम बसला. त्याची १८५१ची 'नेव्ही' आणि १८६०ची 'आर्मी' ही दोन रिव्हॉल्व्हरं अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) जिकडेतिकडे होती. १८६०ची 'आर्मी' एकटीच सुमारे दोन लाख बनली.

भरण्याचा खटाटोप

या हत्याराची अडचण गोळी झाडण्यात नव्हती, भरण्यात होती. सहाही घरांत एकामागून एक दारू मोजून टाकायची, प्रत्येकावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी घेत, म्हणजे बसताना तिच्या कडेची बारीक चकती कापली जाई आणि तोंड घट्ट बंद होई. वर चरबी लावायची. मग चक्र फिरवत मागच्या सहा बोंडांवर सहा टोप्या. शांतपणे बसून केलं तरी यात काही मिनिटं जात. घोड्यावर, पावसात, समोरून गोळ्या येत असताना काय होत असेल याची कल्पना करा. कधी एका घराची आग शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडत. फुटलेल्या टोपीचे तुकडे यंत्रात पडून चक्र अडकून बसे, हा त्रास तर नेहमीचाच.

म्हणून सैनिक कागदी काडतुसं वापरत. इथे आपल्या वाचकाने एक गोंधळ मनातून काढून टाकावा. १८५७च्या उठावाशी जोडलेलं ते प्रसिद्ध काडतूस धातूचं नव्हतं. ती दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली, चरबी लावलेली कागदाची पुडी होती. दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. टोपी वेगळीच लावावी लागे. म्हणजे ते काडतूस ठासणीच्याच बंदुकीचं होतं. 'काडतूस' हा शब्द तोच राहिला, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वस्तू पार बदलली.

धातूच्या काडतुसात टोपी, दारू आणि गोळी तिन्ही एकाच पितळी किंवा तांब्याच्या नळकांडीत बंद असतात. पाऊस लागत नाही, सांडत नाही, मोजावं लागत नाही. पण त्याचा सगळ्यात मोठा गुण बाहेरून दिसत नाही. प्रेशर कुकरची रबरी रिंग आठवा. आत वाफेचा दाब वाढला की तोच दाब रिंगला कडेवर रेटतो आणि झाकण अधिक घट्ट बंद होतं. काडतुसाचं पातळ कवच तेच करतं. बार उडाला की क्षणभर ते फुगतं, घराच्या भिंतीला चिकटतं आणि आग मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की पुन्हा किंचित आकसतं, म्हणून बाहेर काढता येतं. मागून भरायच्या बंदुका आधीही लोकांनी करून पाहिल्या होत्या, पण मागच्या फटीतून येणारी आग झाडणाऱ्याच्या तोंडावर यायची. ती फट प्रत्येक बाराला नव्याने बुजवण्याचं काम या कवचाने केलं.

मागची भिंत

आता जुन्या रिव्हॉल्व्हरचं चक्र हातात आहे असं समजा. पुढून पाहिलं तर सहा घरं, पण ती आरपार नाहीत. मागे जाड भिंत आहे आणि त्या भिंतीत बोंडं बसवलेली आहेत. सहा पेले चिकटवून ठेवल्यासारखं. काडतूस मागून भरायचं तर पेल्याचा बूड कापून त्याची नळी करावी लागेल.

बूड कापला की पुढचे प्रश्न रांगेने उभे राहतात. बार उडताना काडतूस जितक्या जोराने गोळी पुढे ढकलतं तितक्याच जोराने स्वतः मागे रेटलं जातं. पूर्वी तो रेटा चक्राची भिंत सोसायची. ती गेली, तर काडतुसाच्या बुडाला टेकण्यासाठी दुसरी भक्कम भिंत हवी. घोड्याचं सपाट तोंड टोपीवर आपटायला ठीक होतं, काडतुसाच्या बुडावर नेमका घाव घालायला टोकदार खिळा हवा. काडतूस आत सारायला बाजूला वाट हवी, आणि चक्र फिरताना ते मागे घसरून पडू नये म्हणून त्या वाटेला झडप हवी. शिवाय एक नवीनच काम वाढलं. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडाल्यावर घरात काही उरत नसे. काडतुसाचं रिकामं कवच मात्र आतच राहतं, तेव्हा ते ढकलून काढायला दांडी हवी. गोळी दाबायची जुनी दांडी आता निरुपयोगी होती, पण तिची जागा नळीखाली रिकामी होती. ढकलदांडी तिथेच आली.

इतकं सगळं एका आरपार भोकावर अवलंबून होतं. आणि अमेरिकेत ते भोक पाडण्याचा हक्क एका माणसाकडे होता.

रोलिन व्हाइट

रोलिन व्हाइट हा व्हरमाँटचा बंदूक कारागीर. काही काळ त्याने कोल्टच्या कारखान्यात ठेकेदारीने काम केलं होतं. ३ एप्रिल १८५५ रोजी त्याला एक पेटंट मिळालं. त्याच्या आराखड्यातलं रिव्हॉल्व्हर प्रत्यक्षात चालण्याजोगं नव्हतंच, पण त्यात एक कलम असं होतं की चक्राची घरं टोकापासून टोकापर्यंत आरपार असतील. युरोपात फ्रेंच कारागीर लेफोशो मागून काडतूस भरायची रिव्हॉल्व्हरं त्याच सुमारास बनवत होते, तिकडे कोणाला अडचण नव्हती. अमेरिकेत मात्र हे कलम व्हाइटच्या नावावर झालं.

होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या दोघांना छोट्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढायचं होतं. त्यांच्या लक्षात आलं की वाटेत व्हाइटचं पेटंट आहे. नोव्हेंबर १८५६मध्ये करार झाला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला २५ सेंट मिळायचे. करारात एक अट होती, आणि मला वाटतं सगळी शोकांतिका त्या अटीत आहे. पेटंटवर कोणी अतिक्रमण केलं तर खटला लढायची जबाबदारी कंपनीची नव्हती, व्हाइटची होती.

१८५७मध्ये स्मिथ अँड वेसनचं पहिलं रिव्हॉल्व्हर आलं. सात घरांचं, पॉइंट २२ बोराचं (म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास साधारण ०.२२ इंच), खिशात मावणारं. पाठोपाठ पॉइंट ३२ बोराचं थोडं मोठं आलं. १८६१ला युद्ध पेटल्यावर सैनिकांनी ती पदरच्या पैशाने विकत घेतली. पण घोडदळाच्या कामाचं मोठ्या बोराचं रिव्हॉल्व्हर त्यांनी त्या काळात काढलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला काढता येत नव्हतं. इतर कारखान्यांनी आरपार चक्रं बनवली तेव्हा दावे झाले. हरलेल्यांपैकी काहींना आपल्या तयार मालावर 'स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेलं' असा छाप मारून तो त्यांच्या हवाली करावा लागला. एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे न्यायाधीशांची मतं समसमान पडली, म्हणून व्हाइटच्या बाजूचा खालचा निकाल कायम राहिला. म्हणजे सबंध यादवी युद्धात रिव्हॉल्व्हरं मुख्यतः टोपीचीच राहिली, आणि त्यामागे या पेटंटचा मोठा हात होता. त्या युद्धावरच्या पुष्कळ वेस्टर्न चित्रपटांत कमरेच्या पट्ट्यात चकाकणारी काडतुसं दिसतात. ती बहुतेक वेळा दहा वर्षं आधी आलेली असतात.

१८६९च्या एप्रिलमध्ये पेटंटची चौदा वर्षं संपली. व्हाइटने मुदत वाढवून मागितली. त्याचं म्हणणं असं की कंपनीने यातून दहा लाखांहून जास्त डॉलर मिळवले आणि आपल्या वाट्याला सुमारे ७१ हजार आले, त्यातलेही बरेच खटल्यांत गेले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच्या बाजूने विधेयक मंजूर केलं. पण लष्कराच्या शस्त्र विभागाचे प्रमुख डायर यांनी लेखी विरोध नोंदवला की या पेटंटमुळे युद्धकाळात सरकारची पुरेशी अडचण झाली आहे. ११ जानेवारी १८७० रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरून विधेयक परत पाठवलं. ग्रँट स्वतः त्या युद्धाचे सेनापती होते, त्यांना ही अडचण कागदावरून कळायची गरज नव्हती.

मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. व्हाइटवर अन्याय झाला यात मला शंका नाही. पण तो केला त्या करारातल्या अटीने. त्याची भरपाई म्हणून सबंध देशाला आणखी काही वर्षं थांबवणं बरोबर झालं नसतं.

बदललेली हत्यारं

पेटंट चालू असतानाच पळवाटा शोधल्या जात होत्या. रेमिंग्टन कंपनीने सरळ मार्ग घेतला. स्मिथ अँड वेसनला परवानगीचे पैसे देऊन १८६८पासून आपली साडेचार हजारांच्या आसपास टोपीची रिव्हॉल्व्हरं पॉइंट ४६ बोराच्या काडतुसांसाठी बदलली. त्यात एक गंमतीची अडचण आली. काडतुसाच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते ती या काडतुसाची इतकी रुंद होती की सहा शेजारी शेजारी मावेनात. म्हणून नव्या चक्रात पाचच घरं ठेवली. सहाची पाच झाली, पण पाच काडतुसं भरायला काही सेकंद पुरू लागले.

कोल्ट कंपनीचा मार्ग वाकडा होता. सॅम्युएल कोल्ट १८६२मध्येच वारला होता. कंपनीच्या अलेक्झांडर थ्यूअर नावाच्या कारागिराने १८६८च्या सप्टेंबरमध्ये वेगळंच पेटंट घेतलं. त्याचं काडतूस मागे निमुळतं, बिनकडेचं, आणि पुढून भरायचं. मागून भरत नाही म्हणजे व्हाइटच्या कलमात बसत नाही. चक्रामागे एक कडं होतं. ते एका बाजूला फिरवलं की घोडा काडतूस पेटवायचा, दुसऱ्या बाजूला फिरवलं की घोड्याच्याच ठोक्याने रिकामं कवच पुढे उडायचं. चक्र बदलून पुन्हा टोप्याही वापरता यायच्या. बुद्धी फार चालवली होती, पण लोकांनी ते उचललं नाही. सगळी मिळून पाच हजारांच्या आत बनली. कायदा चुकवण्यासाठी आखलेलं यंत्र वापरणाऱ्याच्या सोयीचं क्वचितच होतं, आणि हे झालं नव्हतं.

खरा बदल पेटंट संपल्यावर आला. कोल्टकडे टोपीच्या रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग ढिगाने पडून होते. लष्कराकडे हजारो तयार हत्यारं होती आणि युद्धानंतर तिजोरीत पैसा नव्हता. कोल्टचे अभियंता चार्ल्स रिचर्ड्स यांनी १८७१च्या जुलैमध्ये पेटंट घेतलेली पद्धत या दोन्हींना पुरी पडली. चक्राचा मागचा बोंडांचा भाग कापून टाकायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक जाड पोलादी तबकडी बसवायची. भिंत तीच, झडप तिच्यातच, घाव घालणारा खिळाही तिच्यात, आणि घाव घालून झाला की स्प्रिंगने मागे येणारा. नळीखाली ढकलदांडी. बाकी मूठ, चाप, नळी सगळं जुनं. लष्कराने बाराशेच्या आसपास 'आर्मी' रिव्हॉल्व्हरं अशी बदलून घेतली. वर्षभरात विल्यम मेसन यांनी हीच पद्धत सुटसुटीत केली. खिळा तबकडीतून काढून घोड्याच्या तोंडावर लावला, ढकलदांडी सुधारली. भाग कमी झाले, खर्च उतरला.

इथे मेसन यांचा एक टप्पा सांगायला हवा, कारण इथे बदलाच्या कामातून नवी वस्तू जन्मली. जुने भाग संपत आले तेव्हा त्यांनी त्याच आकाराचं पण पहिल्यापासून काडतुसासाठी बनवलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. कोल्टच्या जुन्या पद्धतीप्रमाणे त्याच्या चक्रावर वरून पट्टी नव्हती, नळी एका पाचरीने अडकवलेली असे. लष्कराने ते नाकारलं. त्यांना चक्राभोवती बंद चौकट हवी होती. रेमिंग्टनच्या रिव्हॉल्व्हरला ती आधीपासून होती आणि म्हणूनच ते ठोके सोसायला भक्कम ठरत होतं. मेसन यांनी वरची पट्टी दिली, आणि १८७३मध्ये लष्कराने स्वीकारलेलं कोल्टचं पॉइंट ४५ तयार झालं. हेच पुढे वेस्टर्न चित्रपटांतून जगभर ओळखीचं झालं. त्याची ढकलदांडी, बाजूची झडप, घोड्यावरचा खिळा पाहा. सगळं त्या दोन-तीन वर्षांच्या ठिगळकामातून आलेलं आहे.

पॉइंट ३८ खरं किती?

या ठिगळकामाचा एक ठसा आजही रोज लोकांच्या तोंडी आहे. 'पॉइंट ३८ स्पेशल' म्हणतात, त्याची गोळी मोजा. ती ०.३८ इंच नाही, ०.३५७ इंच आहे. मग ३८ कुठून आलं?

कोल्टच्या 'नेव्ही'ला पॉइंट ३६ म्हणत, पण तिच्या नळीतल्या खाचांचा व्यास सुमारे ०.३७५ इंच होता. ती काडतुसावर बदलताना नळी तीच ठेवायची होती. म्हणजे गोळी नळीइतकी जाड हवी आणि काडतुसाचं कवच चक्राच्या घरात मावायला हवं, आणि घराचा व्यासही तेवढाच. यातून टाचेची गोळी आली. गोळीचं मागचं टोक थोडं बारीक करून कवचात खोवायचं, उरलेली गोळी कवचाच्या बाहेरच्या व्यासाइतकी जाड. त्या व्यासावरून नाव पडलं पॉइंट ३८. पण गोळीवरचं चरबीचं वंगण उघडं राहायचं. खिशातली धूळ, धागे त्याला चिकटायचे. रशियन सैन्याने स्मिथ अँड वेसनकडे मोठी मागणी नोंदवली तेव्हा आग्रह धरला की गोळी पूर्ण एकाच जाडीची आणि वंगण कवचाच्या आत झाकलेलं हवं. तसं करायचं तर गोळी कवचाच्या आत बसण्याइतकी बारीक करावी लागते. रशियन पॉइंट ४४ची गोळी ०.४२९ इंच झाली, पॉइंट ३८ची यथावकाश ०.३५७. नावं मात्र जुनीच राहिली. पुढे 'पॉइंट ३५७ मॅग्नम' आलं तेव्हा खरा आकडा एकदाचा नावात आला.

इंग्रजांनी काय केलं

ठासणीचं काडतुसी करण्याचं काम इंग्रजांनी त्याहून मोठ्या प्रमाणावर केलं, रायफलींवर. १८५७मध्ये गाजलेली एन्फिल्ड रायफलच त्यांनी १८६६पासून बदलायला घेतली. नळीचा मागचा भाग कापून त्यात बिजागरीवर उघडणारा ठोकळा बसवला. ही युक्ती जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची, आणि काडतूस लंडनजवळच्या वुलिच शस्त्रागारातल्या कर्नल बॉक्सर यांचं. स्नायडर त्याच वर्षी वारला, योग्य मोबदला हाती न पडताच. या विषयात युक्ती शोधणाऱ्यांचं नशीब वारंवार असंच दिसतं.

या बदललेल्या रायफलीची पहिली मोठी परीक्षा मुंबईहून गेलेल्या फौजेने पाहिली. मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली ॲबिसिनियाची (आजच्या इथिओपियाची) मोहीम निघाली. १० एप्रिल १८६८ रोजी मॅग्डालाजवळ अरोगी इथे गोऱ्या पलटणीच्या हाती स्नायडर होत्या. शेजारच्या हिंदी शिपायांच्या हाती ठासणीच्याच बंदुका. हा योगायोग नव्हता. १८५७नंतर हिंदी पलटणींना एक पिढी मागचं हत्यार द्यायचं हे धोरणच होतं, आणि गोऱ्यांना त्यापुढची मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली तेव्हा कुठे हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. जुनं हत्यार बदलून घेण्याच्या तंत्रात ही सोय आपसूक होती: एक जुनी पायरी नेहमी हाताशी राहायची.

आज

१९५०च्या दशकाअखेरीस यादवी युद्धाची शताब्दी जवळ येऊ लागली तेव्हा अमेरिकेत जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतींना मागणी आली. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रोम्पिया या शतकानुशतकं बंदुका घडवणाऱ्या गावात त्या बनू लागल्या. उबर्टी आणि पिएत्ता ही ब्रेशिया परिसरातल्या अशा कारखान्यांतली मोठी नावं. पुढे अशा प्रतिकृतींत बसतील अशी तयार काडतुसी चक्रंही बाजारात आली. कल्पना रिचर्ड्स यांचीच, मागे वेगळी तबकडी असलेली. पॉइंट ४५ची काडतुसं आजही दाटीने बसतात, म्हणून काहींनी रेमिंग्टनच्या १८६८च्या कामासारखी पाचच घरं ठेवली आहेत.

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो दारूबद्दल. काळी दारू जळते तेव्हा भरपूर धूर आणि काजळी होते, पण दाब माफक असतो. १८८४मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि तिचा दाब कितीतरी वर जाऊ शकतो. १८६०चं रिव्हॉल्व्हर तिच्यासाठी घडवलेलं नाही. खुद्द कोल्टने आपल्या १८७३च्या नमुन्याला बिनधुराच्या दारूची हमी १९००पर्यंत दिली नव्हती. काडतूस घरात बसतं एवढ्यावरून ते हत्याराला सोसतं असं होत नाही. पितळी चौकटीच्या प्रतिकृती तर या कामाच्या नव्हेतच. युद्धात दक्षिणेकडच्या कारखान्यांनी लोखंडाच्या टंचाईमुळे पितळी चौकटी ओतल्या होत्या, आणि ती टंचाईची तडजोड प्रतिकृतींत शोभा म्हणून आली आहे. ठोके खाऊन पितळ ताणलं जातं.

कायद्याची रेषाही नेमकी याच बदलावर आखलेली आहे. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात १८९८पर्यंतची हत्यारं, आणि आजची काडतुसं न चालणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती, पुराणवस्तू धरल्या जातात. काडतुसी चक्र बसवलं की तीच प्रतिकृती त्या व्याख्येतून बाहेर पडते. राज्यांचे नियम आणखी वेगळे.

आपल्याकडे कसोटी निराळी आहे. हत्यार किती जुनं यावर काही ठरत नाही. शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तूचं मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही गोळी झाडू शकत नसेल तरच. 'दुरुस्त करून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. टोपीचं रिव्हॉल्व्हर गंजलेलं असलं तरी दुरुस्तीने चालू होण्यासारखं असेल तर सूट लागू होत नाही. आणि नकली हत्यार खरं करणं किंवा बंदुकीची नळी आखूड करणं याला सहाव्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर तो गुन्हा आहे.

वाड्याच्या माळ्यावर, देवघरामागच्या पेटीत अशी एखादी वस्तू निघाली, तर आधी तिचा घोडा चढवून बघू नका. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेटते, आणि शेवटच्या माणसाने ती भरून ठेवली होती का हे वरून कळत नाही. बोंडावर टोपी नाही म्हणून नळी रिकामी आहे असं समजायचं नाही. तिला न हलवता पोलीस ठाण्यात कळवावं. मग परवानाधारक बंदूक व्यावसायिकाकडून ती तपासून रिकामी करून घेता येते आणि कागदपत्रांचंही पाहता येतं.